आग पोटात, तरी इंजिन शाबूत

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. मोटारीचा पिस्टन बहुधा त्याच्याच मिश्रधातूचा असतो, आणि त्याच्या माथ्यावर भडकणारी ज्वाळा २,००० अंशांच्या पुढे जाते. तरीही पिस्टन वर्षानुवर्षे धावतो. निकोलस ओटो यांनी १८७६ मध्ये चार-स्ट्रोक इंजिन यशस्वी करून दाखवले. पण ही आग रोज पोसण्याचे आणि आवरण्याचे काम इंजिनाच्या सहायक यंत्रणा करतात.

पहिली इंधन यंत्रणा. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे इंजिन जवळजवळ ९,००० लिटर हवा ओढते! म्हणूनच एअर फिल्टर धुळीने तुंबला की इंजिनाचा जीव गुदमरतो.

मग लागते ठिणगी. इग्निशन कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट हजारो व्होल्टपर्यंत चढवते आणि स्पार्क प्लगच्या मिलिमीटरभर फटीत वीज उडी मारते. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला ५० वेळा घडते. मुरलेला मेकॅनिक प्लग काढून नुसते त्याचे टोक बघतो: फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर बहुधा पेट्रोल जास्त जाते आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. दाबून तापलेली हवाच तिथे इंधन पेटवते.

वंगण यंत्रणेचे काम डोळ्यांना दिसत नाही. पंप तेल दाबाने बेअरिंगांत पोचवतो आणि क्रँकशाफ्ट केसाहूनही पातळ तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला, की धातूला धातू घासतो आणि इंजिन जाम होते.

राहिली उष्णता. इंधनातल्या उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच कूलंटला वाहून न्यावा लागतो. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. आजही तत्त्व तेच: थोडे पाणी, भरपूर पृष्ठभाग, वाहती हवा. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि ८५-९० अंशांच्या आसपास ती उघडतो, कारण फार थंड इंजिनही झिजते.

बंद रेडिएटरमध्ये दाब असल्याने कूलंट १०० अंशांनाही उकळत नाही. मात्र झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते क्षणात उसळून अंगावर येते. म्हणून घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ते पुरते निवेपर्यंत त्या झाकणाला हात लावू नका.