डेटाबेस तयार होईपर्यंत

कंटेनर म्हणजे काय, ते मागच्या भागात पाहिलं. आता लॅपटॉपवर प्रत्यक्ष मांडणी करू. उदाहरणादाखल अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचं गणेशोत्सवाच्या नावनोंदणीचं संकेतस्थळ घ्या. प्रोग्राम जँगोमध्ये लिहिलेला, माहिती पोस्टग्रेसमध्ये. काम करणारे सगळे नोकरी सांभाळून, रात्री मुलं झोपली की बसणारे. एकाकडे विंडोज, दुसरीकडे मॅक, तिसऱ्याकडे उबुंटू. नव्या माणसाची पहिलीच रात्र पोस्टग्रेस बसवण्यात गेली, तर तो पुन्हा फिरकत नाही. म्हणून ही मांडणी मला नुसत्या सोयीची गोष्ट वाटत नाही. स्वयंसेवक टिकणार की नाही, ते बरंचसं इथेच ठरतं.

या मांडणीची साधनं कुठून आली, ते आधी थोडक्यात. कंटेनरच्या मुळाशी असलेल्या आणि प्रक्रियांना किती मेमरी आणि प्रोसेसर मिळावा यावर लगाम घालणाऱ्या ‘सीग्रुप्स’चं काम गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि २००८ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात आलं. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा इथे, पायकॉन परिषदेत, सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या भाषणात कंटेनर चालवणारं ‘डॉकर’ दाखवलं. अनेक कंटेनर एकत्र चालवणारं ‘फिग’ डॉकरने २०१४ मध्ये विकत घेतलं. आजचं ‘कंपोज’ त्यातूनच आलं.

कंपोजच्या फाइलमध्ये आपल्याला दोन सेवा लागतील. ‘वेब’ ही आपल्या डॉकरफाइलवरून तयार होईल, ‘डीबी’ पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजवरून. इमेजपुढे ‘लेटेस्ट’ लिहू नका, मुख्य आवृत्तीचा आकडा लिहा. सोळाव्या आवृत्तीने तयार केलेला डेटा सतरावी उघडतच नाही. डेटासाठी नाव दिलेलं व्हॉल्यूम जोडा, म्हणजे कंटेनर काढून टाकला तरी नोंदी राहतील. आणि जँगोच्या सेटिंग्जमध्ये डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ ठेवू नका. वेबच्या कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, आणि तिथे पोस्टग्रेस नाही. पत्ता म्हणून ‘डीबी’ हे सेवेचं नावच द्यायचं. पोर्ट नेहमीचा, ५४३२.

खरी मेख यापुढे आहे. वेबने डीबीसाठी थांबावं म्हणून आपण ‘डिपेंड्स ऑन’ लिहितो. पण एवढंच लिहिलं तर कंपोज फक्त डीबीचा कंटेनर सुरू होण्याची वाट पाहतं. व्हॉल्यूम रिकामं असेल तर पोस्टग्रेसला आधी डेटाची घडी बसवावी लागते, वापरकर्ता तयार करावा लागतो, त्यासाठी एक तात्पुरता सर्व्हर चालवून बंद करावा लागतो. मग कुठे खरा सर्व्हर उभा राहतो. तोवर वेबने दार ठोठावलेलं असतं आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून ते बंदही पडलेलं असतं. ज्याने फाइल लिहिली त्याचं व्हॉल्यूम कधीच भरलेलं असल्यामुळे त्याला हे सहसा दिसत नाही. ते दिसतं नव्याने आलेल्याला, पहिल्याच रात्री.

उपाय असा. डीबीला ‘हेल्थचेक’ द्या. पाच-पाच सेकंदांनी पोस्टग्रेससोबतच येणारी ‘पीजी इज रेडी’ ही कमांड चालू द्या, आणि वेबच्या ‘डिपेंड्स ऑन’मध्ये ‘सर्व्हिस हेल्दी’ ही अट घाला. त्या कमांडला होस्ट म्हणून १२७.०.०.१ हा पत्ताही द्या. तो तात्पुरता सर्व्हर नेटवर्कवर ऐकत नाही, फक्त आतल्या सॉकेटवर उत्तर देतो. पत्ता दिला नाही तर त्याच्याच उत्तरावर ‘तयार’ असा शेरा मिळून जातो.

झालं की नव्या माणसाच्या नजरेने एकदा पाहा. ‘डॉकर कंपोज डाउन’ला ‘व्हॉल्यूम्स’चा पर्याय जोडून सगळं पुसा. तुमच्या मशीनवरच्या चाचणीच्या नोंदीही जातील, हव्या असतील तर आधी बॅकअप घ्या. मग ‘अप’ चालवा आणि कशालाही हात न लावता ब्राउझरमध्ये नावनोंदणीचा फॉर्म उघडतो का, ते बघा.

मॅकवर डॉकर एका लहानशा लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, त्यामुळे तिथे फाइलींची ये-जा मंदावू शकते. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.