संगणकातील विमानाचा जमाखर्च

आपल्या कित्येक घरांतील मुले संध्याकाळी संगणकापुढे बसून विमान उडवतात. पडद्यावर धावपट्टी दिसते, समुद्र दिसतो. पण ते विमान संगणकात ठेवलेले असते कसे, हे आपण फारसे विचारत नाही.

या खेळाचे मूळ अमेरिकेतील इलिनॉय राज्यात आहे. तेथील विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविक यांनी १९७९ साली ॲपल संगणकासाठी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ काढले. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने ते आयबीएमच्या संगणकावर आणले, आणि लोक घरबसल्या सेस्ना १८२ उडवू लागले. पुढे हौशी मंडळी स्वतःच विमाने तयार करू लागली, तेव्हा माहिती नीट लावून ठेवणे भाग पडले.

मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत प्रत्येक विमानाचा एक फोल्डर असतो. आकार एका कप्प्यात, रंग दुसऱ्यात, घड्याळे तिसऱ्यात, आवाज चौथ्यात. या सर्वांवर ‘एअरक्राफ्ट’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिला आम्ही घरची खातेवही म्हणू. वजन, इंधनाच्या टाक्या, चाकांच्या जागा, सारे तीत लिहिलेले. एकाच विमानाला दहा कंपन्यांचे रंग द्यायचे असले तरी वही एकच. एअर मॉरिशसचा रंग हवा असेल तर नवी नोंद करायची, नव्या नावाने. जुन्या आवृत्त्यांत या नोंदींना शून्यापासून ओळीने क्रमांक द्यावे लागत. मधला एक आकडा गळला की पुढची सारी विमाने यादीतून नाहीशी! मुले मग उगाच संगणकाला दोष देतात.

खरी गोम मात्र वजनाच्या जागेत आहे. प्रत्येक वजन एका ठरावीक बिंदूपासून किती अंतरावर आहे, ते लिहावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या वहीत हे अंतर फुटांत असते आणि नाकाकडे मोजले तर अधिक. जॉन बर्न्ट यांनी अमेरिकेत १९९६ साली सुरू केलेल्या, कोणालाही फुकट मिळणाऱ्या ‘जेएसबीसिम’मध्ये शेपटीकडे मोजले तर अधिक. एकीकडचा आकडा तसाच दुसरीकडे उतरवला, तर पुढचे वजन मागे जाते. गुरुत्वमध्य फार मागे सरकला की नाक वर उठते आणि विमान हाती राहत नाही. फार पुढे गेला तर नाक उचलता उचलत नाही.

जेएसबीसिमची एक रीत आम्हाला फार आवडते. तेथे मोजमापाच्या आकड्याशेजारी त्याचे माप लिहितात: फूट की मीटर, पौंड की किलो. ही नुसती टापटीप नव्हे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या खऱ्या बोइंग ७६७ मध्ये २२,३०० किलो इंधन हवे होते. हिशेब पौंडांच्या मापाने झाला, त्यामुळे निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघाले. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. आतली सर्व ६९ माणसे वाचली.

२०२० च्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीत त्या एका वहीच्या अनेक वह्या झाल्या: उड्डाणाची वेगळी, इंजिनांची वेगळी, यंत्रणांची वेगळी. शोधायला सोपे, पण जुन्या सवयीच्या हातांना थोडे चुकल्यासारखे वाटते. आपल्या मुलांना हात घालायचा असेल तर खुशाल घालू द्यावा. फक्त मूळ फोल्डरची एक प्रत आधी बाजूला ठेवावी, एका वेळी एकच आकडा बदलावा आणि विमान उडवून पाहावे.