हिब्रू पोथ्यांचे मराठमोळे पंडित

प्राचीन यहुदी ग्रंथांचा अभ्यास म्हटलं की जेरुसलेम नाहीतर ऑक्सफर्ड डोळ्यांपुढे येतं. पण या विद्येत आपल्या मराठी मुलखाचीही ठसठशीत हजेरी आहे. हे बघा काही मासले!

नागभीड ते कंदाहार
चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या देवटेकला एक ब्राह्मी शिलालेख सापडला. तो अशोककालीन मानतात. प्राण्यांना पकडू-मारू नका, असा त्यातला हुकूम. अशोकाचा कंदाहारचा लेखही शिकारीविरुद्ध बोलतो, पण ग्रीक आणि अरामी भाषेत. बायबलमधल्या दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचे बरेच भाग याच अरामीत आहेत. त्यामुळे या क्षेत्रात नुसत्या हिब्रूवर भागत नाही. अरामी आणि ग्रीकही लागतातच.

मोडी वाचणाऱ्यांना सोपं जाईल
मोडीत ऱ्हस्व-दीर्घ संदर्भानं ओळखावं लागतं. जुन्या हिब्रूत तर बहुतेक स्वरच लिहीत नसत! इसवीसनाच्या सुमारे सातव्या ते दहाव्या शतकात मसोरेती म्हणवल्या जाणाऱ्या यहुदी पंडितांनी अक्षरांच्या वर-खाली टिंबं-रेघा देऊन उच्चार पक्के केले. कोणता शब्द किती वेळा येतो, याच्या नोंदीही समासात करून ठेवल्या. आजचा अभ्यासक त्या नोंदींवरून नकलनवीसांच्या चुका पकडतो.

दादोबांच्या आधी चार वर्षं
दादोबा पांडुरंगांचं गाजलेलं मराठी व्याकरण 1836चं. त्याआधी, 1832 सालीच, मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं होतं. ते होतं कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजासाठी. हे लोक पिढीजात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

राजपूरकर मास्तर
या समाजातले जोसेफ इझीकेल राजपूरकर मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही तेच. यहुदी प्रार्थनापुस्तकं त्यांनी मराठीत आणली. दिवसा शाळा, उरलेल्या वेळात भाषांतर!

पुण्याची हग्गादा
यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी म्हणजे हग्गादा. 1874 साली ती पुण्यात हिब्रू-मराठी अशी सचित्र छापली गेली. चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. मजकूर मिसर देशातून सुटकेचा, बैठक मात्र अस्सल मराठी.

मोशेचं कीर्तन
1880च्या सुमारास बेने इस्रायलांनी चक्क कीर्तनं सुरू केली. आख्यानं अब्राहाम, योसेफ, मोशे यांची. चाली साकी, ओवी, अभंगाच्या. ज्यांना हिब्रू येत नव्हती, त्यांच्यापर्यंत शास्त्र असं गात-गात पोचलं.

केडगावची पंडिता
संस्कृत पंडिता म्हणून कलकत्त्यात गौरवलेल्या रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. रूढ मराठी बायबल संस्कृतप्रचुर वाटलं म्हणून मूळ भाषांवरून अख्खं बायबल त्यांनी साध्या मराठीत आणलं. छपाई केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातली, आणि तिथं काम करणाऱ्या बायकाच. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं.

तीनशे कोटींची पोथी
डेव्हिड सॉलोमन ससून यांचा जन्म मुंबईतला, 1880चा. हिब्रू हस्तलिखितं जमवणं हा त्यांचा ध्यास. 1929 साली त्यांनी सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचं, जवळजवळ संपूर्ण हिब्रू बायबल मिळवलं. वजन सुमारे बारा किलो! 2023 साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते 3 कोटी 81 लाख डॉलरला, म्हणजे तीनशे कोटी रुपयांहून जास्त किमतीला गेलं. आज ते तेल अवीवच्या संग्रहालयात आहे. नाव अजूनही ‘कोडेक्स ससून’च.

थोडक्यात, या विद्येला घराणं लागत नाही. तेली, मास्तर, कीर्तनकार, पंडिता, सगळ्यांनी ती कमावली. तुमच्या घरात मोडी कागदांत किंवा शिलालेखांत रमणारं एखादं पोर असेल, तर त्याला हीही वाट दाखवा. भाषा तीन-चार शिकाव्या लागतील, डोळे ताणावे लागतील. कामाला मात्र तोटा नाही.