शंभर ग्रॅमचा जीव

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणून जिन्याखाली एखादं पिल्लू एकटं दिसलं तरी लगेच उचलू नये. अंग गरम असेल, पोट टम्म असेल, तर आई नव्या घराच्या शोधात गेलेली असू शकते. लांबून दोन-चार तास लक्ष ठेवावं. पण आई गाडीखाली आल्याचं नक्की कळलं, तर पुढचा सगळा हिशेब आपल्या अंगावर येतो, आणि तो हिशेब थक्क करणारा आहे.

नुकतं जन्मलेलं पिल्लू असतं साधारण १०० ग्रॅमचं. चार किलोच्या मांजरीचा चाळिसावा हिस्सा. वजन चाळीसपट घटलं तरी कातडीचं क्षेत्रफळ जेमतेम बारापट घटतं. म्हणजे दर ग्रॅममागे पिल्लाची कातडी आईच्या तिपटीहून जास्त भरते, आणि ६० किलोच्या माणसाच्या जवळपास आठपट. एवढ्या कातडीतून ऊब भराभर निघून जाते. त्यात पहिला आठवडाभर त्याला कुडकुडताही येत नाही. भोवती ३० अंशांच्या आसपास ऊब लागते. मे महिन्यातल्या मुंबईत ती आपोआप मिळते. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारावर उतरतो, तेव्हा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवावी लागते आणि गार होण्याआधी बदलावी लागते.

पिल्लू गारठलेलं दिसलं की आपण कळवळून आधी दूध पाजायला धावतो. तिथेच घात होतो. अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की आतड्यांचं काम मंदावतं, दूध पचत नाही. आधी ऊब, तीही हळूहळू, आणि मगच दूध.

आता भूक पाहा. १०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला २० कॅलरी तरी लागतात. आकडा किरकोळ वाटतो, पण याच प्रमाणात ६० किलोच्या माणसाला खायचं झालं तर रोज १२ हजार कॅलरी लागतील, म्हणजे सहा माणसांचं जेवण. आणि पोट केवढं? एका वेळी चार मिलिलिटर, साधारण ८० थेंब. चहाचा चमचाही भरत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. दूधही गाईचं चालत नाही. त्यातली प्रथिनं मांजरीच्या दुधाच्या जवळपास निम्मीच असतात, शिवाय जुलाब होतात, आणि एवढ्याशा अंगातलं पाणी जुलाबात किती वेळ पुरणार? मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडरच आणावी.

पाजताना त्याला बाळासारखं उताणं धरू नये, दूध फुप्फुसात जातं. टॉवेलावर पालथं ठेवावं. तोंडात बाटलीचं बोंड नीट बसलं की पुढचे पंजे हवेत दाबायला लागतात, आणि प्रत्येक घोटाबरोबर दोन्ही कान हलतात. कान हलताहेत म्हणजे दूध पोटात जातंय. नंतर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकं पुसायचं, कारण तीन आठवड्यांपर्यंत त्याला शी-शू आपली आपण करता येत नाही. एरवी आई चाटून करवते.

रोज १० ते १५ ग्रॅम वजन वाढायला हवं. तीन किलोचं बाळ याच वेगाने वाढलं तर महिन्यात ११ किलोंच्या पुढे जाईल. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पिल्लू दिसायला ठणठणीत असतं, आणि काटा मात्र पाच ग्रॅमची घट दाखवतो. माणसाच्या हिशेबात ती तीन किलोंची घट आहे, एका दिवसातली! तेव्हा वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आणि पिसवा. या पिल्लाच्या अंगात रक्त असतं सहा-सात मिलिलिटर. साधारण ७२ पिसवांच्या माद्या दिवसात एक मिलिलिटर रक्त पितात. दोन-तीन दिवसांत हिरड्या पांढऱ्याफटक पडू शकतात. पिसवांची औषधं इतक्या लहान जिवाला विषारी ठरू शकतात, त्यामुळे उवांची बारीक फणी घेऊन एकेक पिसू काढणं हाच खात्रीचा उपाय.

पहिल्या आठवड्यात रोज १२ वेळा, मग आठ, सहा, पाच अशी बेरीज केली तर चार आठवड्यांत २१७ वेळा पाजणं होतं. गरम करणं, पाजणं, पुसणं, बाटली उकळणं धरून प्रत्येक वेळी अर्धा तास, म्हणजे १०८ तास. हे एका पिल्लाचं. मांजर मात्र चार-चार पिल्लं याच महिन्यात वाढवते.

म्हणून पावडर आणायला बाहेर पडाल, तेव्हा वाटेत आणखी एक चौकशी करा. आसपास कुणाकडे नुकती व्यालेली, निरोगी मांजर आहे का? बहुतेक मांजरी परकं पिल्लूही पोटाशी घेतात. तिने घेतलं तर या २१७ वेळा तुमच्याकडे येतच नाहीत. तुम्ही फक्त रोज ठरलेल्या वेळी त्याला काट्यावर ठेवायचं आणि आकडा लिहून ठेवायचा.