शाफ्टचा बुश : किती टिकतो, केव्हा बदलावा?

खारदांड्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात बोटी शाकारल्या की मच्छीमारांचा धंदा थांबतो. पण टर्नर, फिटर, वेल्डर, सुतार आणि सुट्या भागांचे व्यापारी यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. अलीकडच्या वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदी पाळली जाते. या दोन महिन्यांत बोटींची लाकूडकामे होतात, रंग लागतो, इंजिन खोलून पुन्हा बसवले जाते. मात्र एका लहान भागाकडे शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. तो भाग म्हणजे पंख्याच्या शाफ्टचा बुश.

मुंबईच्या उपनगरांतील लेथ, वेल्डिंग आणि गॅरेजच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात तर दालदी मुस्लिम बांधव स्वतः बोटींचे मालक आणि तांडेल आहेत. म्हणून हा विषय दुकानदार, कारागीर आणि नाखवा या तिघांच्याही कामाचा आहे.

झिजण्यासाठीच बनवलेला भाग

इंजिनाची ताकद शाफ्टमधून पंख्याकडे जाते. हा शाफ्ट बोटीच्या मागच्या बाजूला एका नळीतून बाहेर पडतो आणि पंख्याजवळ बुशावर टेकतो. शाफ्ट व पंख्याचे वजन बुश पेलतो, शाफ्ट सरळ रेषेत ठेवतो आणि घर्षण स्वतःवर घेतो. म्हणजे महाग वस्तू वाचावी म्हणून स्वस्त वस्तू झिजू द्यायची, हे यामागचे तत्त्व आहे. बुश झिजला याचा अर्थ त्याने आपले काम केले. तक्रार तेव्हा उभी राहते, जेव्हा झिजलेला बुश बदलला जात नाही.

मग काय होते? शाफ्ट आपल्या जागेत हलू लागतो. त्याच्या हालचालीने ग्लँडची दोरी सैल पडते आणि बोटीत पाणी येऊ लागते. थरथर वाढते, कपलिंगचे बोल्ट सैल होतात, गिअर बॉक्सच्या सीलमधून तेल गळते. शाफ्टवर चरे पडतात. शेवटी शाफ्ट वाकतो किंवा तुटतो. इंजिन चालू आहे पण बोट पुढे जात नाही, अशी अवस्था भर समुद्रात आली तर प्रश्न खलाशांच्या जिवाचा होतो. वेळेवर बुश न बदलण्याची किंमत इथपर्यंत जाऊ शकते.

लाकडापासून रबरापर्यंत

हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या जहाजांना चाकांऐवजी पंखे बसू लागले, तेव्हा पितळी बेअरिंगा फार लवकर झिजत. 1854 साली जॉन पेन या इंग्रज अभियंत्याने लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाच्या पट्ट्या वापरण्याचे पेटंट घेतले. हे लाकूड इतके जड असते की पाण्यात बुडते, आणि त्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो. पट्ट्यांच्या मधून समुद्राचे पाणी खेळत राहते आणि तेच वंगणाचे काम करते.

पुढे 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियातील खाणीत काम करणारे अभियंता चार्ल्स शेरवुड यांनी अडचणीच्या वेळी पंपाच्या बेअरिंगच्या जागी रबरी नळीचा तुकडा बसवला. तो अपेक्षेपेक्षा किती तरी जास्त टिकला. पाण्याबरोबर आलेला वाळूचा कण कडक धातूत रुतून शाफ्टला कापतो. रबर मात्र थोडे दबते आणि कण पुढे सरकून खाचेतून निघून जातो. आज बाहेरून पितळी नळी आणि आतून उभ्या खाचांचे रबर असा जो बुश बाजारात मिळतो, त्याचे मूळ येथे आहे.

गुलमर्गचा धडा

हेच नाते बर्फावरही दिसते. काश्मीरमधील गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबाइल असतात. त्या गाडीखाली रबरी पट्टा फिरतो आणि तो दोन लांब धातूच्या रुळांवरून सरकतो. रुळांना खालून कठीण प्लास्टिकची पट्टी बसवलेली असते. या पट्टीला बर्फच थंड ठेवतो आणि बर्फच वंगण देतो. डांबरी रस्त्यावर किंवा घट्ट गोठलेल्या बर्फावर गाडी पळवली, तर पट्टी तापते आणि वितळते. म्हणून काही गाड्यांना बर्फ खरवडून पट्टीवर उडवणारे तारेचे खरवडे लावतात. अनेक पट्ट्यांवर झिजेची मर्यादा दाखवणारी रेघ असते. झीज तिथवर आली की पट्टी बदलायची. नाहीतर पट्ट्याच्या लोखंडी क्लिपा थेट रुळाला खातात, आणि पट्टीच्या जागी अख्खा रूळ बदलावा लागतो.

खारदांड्याच्या बोटीला बर्फाऐवजी पाणी आहे, एवढाच फरक. पाणी बंद झाले की रबर जळते. बोट किनाऱ्यावर असताना ‘इंजिन चालते का पाहू’ म्हणून गिअर टाकून शाफ्ट कोरडा फिरवणे ही सर्वात महाग पडणारी सवय आहे. इंजिन पाहायचे असेल तर गिअर न टाकता पाहावे.

कोणता बुश कुठे?

गनमेटलचा बुश जुना आणि मजबूत. चांगल्या गनमेटलमध्ये 88 भाग तांबे, 10 भाग कथील आणि 2 भाग जस्त असते. त्याला ग्रीस लागते. ग्रीसचा कप रोज फिरवला पाहिजे. गनमेटल म्हणून साधे पितळ विकले जात असेल तर सावध राहावे. खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त निघून जाते, धातू गुलाबी आणि भुसभुशीत होतो.

रबरी बुशाला ग्रीस लागत नाही. पाण्याचा मोकळा प्रवाह लागतो. चिखल आणि रेतीच्या पाण्यात तो धातूपेक्षा चांगला निभावतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक 4.5 मीटरहून अधिक जातो. खारदांड्याला ओहोटीच्या वेळी खडक आणि चिखल उघडा पडतो. उथळ पाण्यातून निघताना पंखा तळाचा गाळ ढवळतो आणि तो थेट बुशात शिरतो. अशा किनाऱ्यासाठी रबर सोयीचे आहे.

नायलॉनचा बुश लेथवर पटकन तयार होतो व स्वस्त पडतो. पण नायलॉन पाणी शोषून फुगते. कोरडा असताना बेताचा बसवलेला बुश पाण्यात शाफ्टला आवळतो. म्हणून त्याला धातूपेक्षा जास्त मोकळीक द्यावी लागते. हे ठाऊक नसलेला टर्नर ‘एकदम फिट’ काम करून देतो आणि ग्राहक महिन्याभरात परत येतो.

वर्षे मोजू नका, झीज मोजा

‘बुश किती वर्षे टिकतो?’ असे ग्राहक विचारतो. याचे एकच उत्तर देता येत नाही. सरळ रेषेत बसलेला, स्वच्छ पाण्यातला बुश अनेक हंगाम जातो. वाकड्या शाफ्टवरचा एका हंगामातही संपतो. म्हणून बोट किनाऱ्यावर आली की पुढील तपासणी करावी.

पहिली गोष्ट : पंख्याजवळ शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि बाजूला हलवून पाहावा. नव्या रबरी बुशातील मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी असते. ती हाताला जवळजवळ जाणवत नाही. शाफ्ट उघडपणे खटखट हलत असेल तर फिलर गेज घालून फट मोजावी. बोटींच्या धंद्यात एक ढोबळ नियम रूढ आहे : शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचामागे एक सोळांश इंच फट ही शेवटची हद्द. दीड इंची शाफ्टला ती सुमारे 2.4 मिलिमीटर होते. पण ही हद्द आहे, सल्ला नव्हे. पुढचा हंगाम दहा महिन्यांचा असताना हद्दीच्या अर्ध्यावर आलेला बुशही बदललेला बरा, कारण फट वाढली की झीजही वेगाने वाढते.

दुसरी गोष्ट : झीज कुठे आहे ते पाहावे. बुश खालच्या बाजूने सारखा झिजला असेल तर ते वयाचे लक्षण. एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली झिजला असेल तर शाफ्ट तिरपा बसला आहे. तेथे नुसता बुश बदलून उपयोग नाही; नवाही तसाच जाईल.

तिसरी गोष्ट : शाफ्टवर बुश टेकतो त्या जागी नख फिरवावे. नख अडकले म्हणजे चर पडली आहे. चर पडलेला शाफ्ट नव्या बुशाला कानशीसारखा घासतो. भर घालून लेथवर उतरवणे किंवा स्लीव्ह बसवणे शक्य असते. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकतो, म्हणून काम झाल्यावर डायल गेज लावून तो फिरवून पाहिलाच पाहिजे.

चौथी गोष्ट : रबर पितळापासून सुटले आहे का, खाचा गाळाने किंवा प्लास्टिकने भरल्या आहेत का, पाणी आत येण्याच्या भोकांवर शिंपले वाढले आहेत का किंवा रंगाऱ्याने ती रंगाने बुजवली आहेत का, हेही पाहावे. शाफ्टभोवती जाळ्याचा दोर अडकला असेल तर तो पूर्ण काढून पंख्याचे पाते तपासावे. एक पाते जरी वाकले असले तरी त्याची थरथर बुशालाच सोसावी लागते.

बसवताना

नव्या रबरी बुशाची लांबी साधारणपणे शाफ्टच्या व्यासाच्या चौपट असावी. म्हणजे 40 मिलिमीटरच्या शाफ्टला 160 मिलिमीटर. जुना बुश निघत नसेल तर घणाचे घाव घालू नयेत, नळी फुटते. करवतीच्या पात्याने आतून लांबीत काप देऊन तो आत दाबून काढावा. नवा बुश पुलरने ओढून बसवावा. शाफ्ट घालताना साबणाचे पाणी वापरावे. बाहेरून धरणारा स्क्रू इतका आवळू नये की पितळ आत दबून रबर शाफ्टला चिकटेल.

लाकडी बोट पाण्यात उतरली की तिचा आकार थोडा बदलतो. म्हणून कपलिंगची शेवटची जुळणी बोट पाण्यात असतानाच करावी. कपलिंगच्या दोन तोंडांमधील फटीचा फरक, त्याच्या व्यासाच्या दर इंचामागे एक हजारांश इंचापेक्षा जास्त नसावा. चार इंची कपलिंगला हा फरक 0.1 मिलिमीटर इतकाच होतो. डोळ्याला तो दिसत नाही. फिलर गेजलाच दिसतो.

व्यापारी आणि कारागिरांसाठी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या बोटी एकदम तयार व्हायच्या असतात. त्या गर्दीत मिळेल तो बुश बसवला जातो. हे टाळायचे तर कारागिरांनी जूनमध्येच आपल्या ग्राहकांच्या बोटींची मापे घ्यावीत. एक वही ठेवावी : बोटीचा नंबर, शाफ्टचा व्यास, बुशाचे बाहेरचे माप व लांबी, बदलल्याचे साल, त्या वेळची फट. दोन-तीन वर्षांत त्या वहीवरूनच कळेल की कोणती बोट किती बुश खाते आणि का. दुकानदारालाही कोणती मापे भरून ठेवायची याचा अंदाज येईल, भांडवल नको त्या मालात अडकणार नाही.

फिलर गेज, डायल गेज यांसारखी हत्यारे नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळतात. एका शाफ्टच्या नुकसानीपुढे त्यांची किंमत काहीच नाही. दारूखान्याच्या भंगारातून शाफ्टचा तुकडा घेताना मात्र नुसते चुंबक लावून समाधान मानू नये. चुंबक चिकटले नाही म्हणून ते 316 जातीचेच स्टेनलेस आहे असे ठरत नाही. 304 लाही ते फारसे चिकटत नाही, आणि खाऱ्या पाण्यात 304 ला लवकर खड्डे पडतात.

ग्राहकाला जुना बुश हातात द्यावा आणि झीज दाखवावी. बदलण्याची गरज नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. आज एक बुश कमी विकला जाईल. पण तो नाखवा पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जाणार नाही. या धंद्यात उधारीही असते. बंदी उठून मासळी आल्यावर पैसे देण्याचा रिवाज असतो. कुरआनच्या सूरह बकरामधील सर्वात लांब आयत देण्याघेण्याचे करार लिहून ठेवण्याविषयीच आहे. मुदत आणि रक्कम वहीत लिहिली, दोघांनी पाहिली, तर ओळखीच्या माणसांत कटुता येत नाही.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या योग्य मापाने जोडण्याच्या आदेशाचा उल्लेख येतो. लोखंडाचे काम करणाऱ्या कारागिराला याहून मोठा सन्मान कोणता? तेथेही जोर मापावरच आहे. चिलखताच्या कडीवर अंगात घालणाऱ्याचा जीव अवलंबून असे. बुशातल्या दोन मिलिमीटरच्या फटीवर बोटीतल्या खलाशांचा असतो. जून लागताच गेज हातात घ्यावा, माप लिहून ठेवावे, आणि जे बदलायचे ते नारळी पौर्णिमेच्या घाईआधीच बदलून द्यावे.