हॅमस्टरला खोली हवी!

एपिसोडच्या सुरुवातीला तो कट्-कट्-कट् आवाज ऐकलात ना? तो मी रात्री दोन वाजता फोनवर रेकॉर्ड केला होता. माझा पहिला हॅमस्टर, लाडू, पिंजऱ्याच्या तारा चावत होता, आणि मी मठ्ठासारखी ते स्टेटसला टाकलं होतं, 'किती गोड!' म्हणून. गोड वगैरे काही नव्हतं हो. त्याच्याकडे करायला दुसरं काही नव्हतं, एवढंच.

दुकानातून तुम्हाला काय देतात? रंगीत तारांचा दोन मजली पिंजरा, त्यात एवढंसं चाक, खाली मूठभर भुसा. आणि वर सल्ला, "जोडी घ्या, एकटा कंटाळतो." यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

का, ते सांगते. आज घरोघरी दिसणारे बहुतेक सगळे सीरियन हॅमस्टर एकाच कुटुंबातून आलेत. १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ एका शेतात खणून इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली, त्यांचा हा वंश. म्हणजे मुळात हा जमिनीखाली, एकटा राहणारा प्राणी. त्याला वरचा मजला काय कामाचा? उलट नजर कमजोर, त्यामुळे वरून पडून पाय मोडतो. त्याला उंची नको, खोली हवी. खोल या अर्थाने!

बर्नमधल्या संशोधकांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही हॅमस्टरना १० सेंटीमीटर भुसा दिला, काहींना ४०, काहींना ८०. तारा सगळ्यात जास्त कोणी कुरतडल्या? १० वाल्यांनी. लाडूकडे तर १० पण नव्हता.

तर मग घर कसं करायचं? जर्मनीतले प्राण्यांचे डॉक्टर किमान १०० बाय ५० सेंटीमीटर जागा सांगतात, म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांब. इतका मोठा पिंजरा विकत घ्यायचा तर खिसा रिकामा. माझा जुगाड ऐका: माशांची जुनी, गळकी काचेची टाकी. गळकी असल्यामुळे स्वस्तात मिळते, आणि आपल्याला कुठे पाणी भरायचंय? फक्त काच तडकलेली नको. वर लाकडी चौकटीत ठोकलेली तारेची जाळी, अख्ख्या टाकीवर, म्हणजे हवा खेळती राहते आणि मांजरही आत येत नाही. तारांचाच पिंजरा असेल तर दोन तारांमधलं अंतर एक सेंटीमीटरपेक्षा कमी हवं. ड्वार्फ हॅमस्टरसाठी त्याहून बारीक. डोकं गेलं की अंग जातंच.

आत निदान वीतभर भुसा. देवदार किंवा चीड, म्हणजे ज्या भुशाला घमघमीत वास येतो तो नको, त्याने श्वासाला त्रास होतो. बिळासाठी साधा, बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून टाका. कापूस मात्र अजिबात नाही! आजी प्रेमाने देईल, पण त्याचे धागे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं अडतं.

चाक आतून सपाट हवं, दांड्यांचं नको, त्यात पाय अडकतो. सीरियनसाठी व्यास २८ सेंटीमीटर तरी असावा. छोट्या चाकात त्याची पाठ कमानीसारखी वाकते. आणि जड वस्तू कधीच भुशावर ठेवू नका. हा खालून खणणार, वरची वस्तू बसणार, आणि तो खाली सापडणार. जड वस्तू थेट टाकीच्या तळावर टेकवा, मग बाजूने भुसा भरा.

आता आपल्याकडचा खरा शत्रू: उन्हाळा. तिशीच्या वर पारा गेला की हॅमस्टरला उष्माघात होऊ शकतो. टाकी उन्हात, बाल्कनीत ठेवलीत तर काच तापून आत भट्टी होते. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, पण पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोताखाली नको. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, पोट टेकवून पसरतो त्यावर. मातीचं छोटं मडकं आडवं ठेवलं तर गारही राहतं आणि लपायलाही होतं. गाल भरलेले असताना आत शिरता येईल एवढं तोंड हवं. लाइट गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवून ठेवा.

मुंग्या येतात? टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जुन्या घरांत दुभत्याच्या कपाटाला करायचे तसं. मुंग्यांचा खडू टाकीच्या आसपाससुद्धा नको.

राहिली जोडी. सीरियन हॅमस्टर मोठे झाले की एकमेकांना जीव जाईपर्यंत चावतात. नर-मादी असतील तर १६ दिवसांत पिल्लं, आणि मग ती कोणाला देणार? एका टाकीत एकच.

घर आधी तयार करा, मग हॅमस्टर आणा. आणल्यावर खाणं-पाणी ठेवा आणि दोन-तीन दिवस हात घालू नका, भाचरांनाही लांब ठेवा. पहिल्या रात्री चाकाचा आवाज आला नाही तरी घाबरू नका. सकाळी भुशात एक भोक दिसेल आणि वाटीतले दाणे गायब झालेले असतील.