सतरा अंकी संख्येचे अवयव

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा : ही संख्या मूळ की संयुक्त? संयुक्त असल्यास तिचे मूळ अवयव कोणते? साध्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावतसुद्धा नाही. तरीही केवळ खडू-फळ्याच्या साहाय्याने आपण या प्रश्नाचे पूर्ण उत्तर काढू शकतो.

अशा संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी केला. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळाशिक्षक होते. ही कल्पना त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचली. स्थानकाच्या त्या वेळच्या ‘डेम्लो’ या नावावरून त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. १, १२१, १२३२१ ही मालिका त्यांपैकीच होय.

१२३२१ म्हणजे १११ चा वर्ग. १११ × १११ हा गुणाकार मांडताना १११ च्या तीन ओळी एकेक घर सरकवून लिहाव्या लागतात. उभ्या बेरजा अनुक्रमे १, २, ३, २, १ येतात. त्याचप्रमाणे १११११११११ (नऊ एक) या संख्येचा वर्ग करताना उभ्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात व पुन्हा १ पर्यंत उतरतात. कोठेही हातचा येत नाही. म्हणून आपली संख्या तयार होते.

आता अवयव पाडू. नऊ एकांचे तीन-तीनचे गट केले, की

१११११११११ = १११ × १००१००१

हे दिसते. १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे का? ५७८ चा वर्ग ३३४०८४, म्हणजे या संख्येपेक्षा मोठा. म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे आहे. अशा मूळ संख्या १०६ आहेत. २, ३ व ५ यांनी भाग जात नाही हे पाहताच कळते. उरल्या १०३. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या एखाद्या शाळेत वर्गात वीसच मुले असली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा भागाकार येतील. एकाही भागाकारात बाकी शून्य उरत नाही. म्हणजे ३३३६६७ मूळ आहे. हे पुस्तकात वाचण्याऐवजी वर्गानेच सिद्ध केलेले असेल! म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

विभाजकात ३ हा अवयव शून्य ते चार वेळा, म्हणजे ५ प्रकारे घेता येतो. ३७ व ३३३६६७ प्रत्येकी ३ प्रकारे. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. ही संख्या विषम का? विभाजकांच्या जोड्या लागतात. पण पूर्ण वर्गसंख्येत वर्गमुळाची जोडी स्वतःशीच लागते.

संख्येची घडण ओळखल्यामुळे आपले काम १०३ भागाकारांत झाले. एखादी सतरा अंकी संख्या कशी बनली हे ठाऊक नसते, तर? आपल्या संख्येचे वर्गमूळ ११ कोटींच्या पुढे आहे आणि पहिल्या १० कोटींतच ५७ लाखांहून अधिक मूळ संख्या आहेत. या पद्धतीने तेवढे भागाकार करण्याची तयारी ठेवावी लागली असती. संगणकावरील गुप्त संदेशांची एक प्रसिद्ध पद्धत याच अडचणीवर उभी आहे. तिच्या संशोधकांनी १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेल्या १२९ अंकी संख्येचे दोन मूळ अवयव १९९४ मध्ये सापडले. त्यासाठी शेकडो संगणक कामाला लावावे लागले होते.

विद्यार्थ्यांसाठी : (१) दहा एकांच्या संख्येचा वर्ग करा. चढउताराची नक्षी कोठे व का मोडते? (२) १११११ = ४१ × २७१ हे ताडून पाहा आणि त्यावरून दहा एकांच्या संख्येचे अवयव पाडायला सुरुवात करा.